घरी येणाऱ्या सिस्टरला परवाना द्या

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य
मा. अध्यक्ष व सदस्य, महाराष्ट्र परिचर्या परिषद, मुंबई

विषय : घरी जाऊन दिल्या जाणाऱ्या कुशल शुश्रूषेसाठी स्वतंत्र परवाना सुरू करण्याबाबत

सविनय नमस्कार.

मी नोंदणीकृत परिचारिका आहे. जीएनएम ही परिचर्येची पदविका घेतली, परिचर्या परिषदेत नाव नोंदवलं आणि सतरा वर्षं रुग्णालयात नोकरी केली. त्यातली शेवटची नऊ आयसीयूत गेली. गेली सहा वर्षं डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण या पट्ट्यात मी घरोघरी जाऊन रुग्ण सांभाळते. माझ्याबरोबर आणखी दोघी नोंदणीकृत सिस्टर आहेत आणि चार मावशी, म्हणजे मदतनीस बायका, आहेत. हे काम आम्हाला रीतसर करायचं आहे. सरकारदरबारी आमची नोंद असावी, कुणीतरी येऊन आमचे कागद आणि आमचं काम तपासावं, चुकलो तर आम्हाला जाब विचारणारं कुणी असावं, एवढ्यासाठी दोन वर्षं मी अर्जाचा फॉर्म शोधते आहे. तो मिळाला नाही, कारण असा फॉर्म निघालेलाच नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहिते आहे.

आधी कामाबद्दल सांगते, कारण ज्यांच्या घरात अजून कुणी अंथरुणाला खिळलेलं नाही त्यांना ते दिसत नाही. घरी सिस्टर ठेवली म्हणजे पेज भरवायला आणि चादर बदलायला बाई ठेवली, असा समज आहे. माझा परवाचा दिवस असा गेला : सकाळी सातला ठाकुर्लीत. मोटारसायकलच्या अपघातात मेंदूला मार लागलेला चाळिशीचा माणूस, गळ्याला छेद देऊन बसवलेली श्वासाची नळी. त्या नळीतला कफ मशीनने ओढायचा. कफ ओढणारी बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, आत असण्याची वेळ दहा-पंधरा सेकंदांवर जाऊ द्यायची नाही, मधे प्राणवायू द्यायचा, बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा बघत राहायचं, कफाचा रंग पालटला असेल तर डॉक्टरांना त्याच वेळी कळवायचं. तिथून कल्याणला, लघवीची नळी बदलायला. मग एका आजींच्या माकडहाडावरची जखम. दोन महिने कुणी कूस पालटून न दिल्यामुळे ती हाडापर्यंत गेली आहे. दुपारनंतर कर्करोगाच्या एका रुग्णाला शिरेतून प्रतिजैविक. यातली प्रत्येक गोष्ट मी आयसीयूत केलेली आहे. फरक इतकाच की तिथे हाकेच्या अंतरावर डॉक्टर होते आणि भिंतीत ऑक्सिजन होता. इथे चौथ्या मजल्यावरच्या वन रूम किचनमध्ये मी असते, रुग्णाची बायको असते आणि कोपऱ्यात ऑक्सिजन देणारं यंत्र, कॉन्सन्ट्रेटर, घरघरत असतं. लाइट गेली की आम्ही दोघी आधी सिलिंडरकडे धावतो.

रुग्णालयं आता माणसाला लवकर घरी पाठवतात. त्यांचंही खरं आहे, खाट अडून राहते आणि बिल चढत जातं. घरच्यांनाही माणूस घरी हवा असतो. डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी 'होम नर्सिंग केअर' एवढे तीन शब्द लिहिलेले असतात. ते कुणाकडून घ्यायचं, त्या माणसाचं शिक्षण काय असायला हवं, यावर पुढे एक ओळ नसते. नातेवाईक बिलाच्या रांगेतच लोकांना नंबर विचारत फिरतात. कुणी वॉर्डबॉय एक नंबर देतो, केमिस्टच्या काचेवर एक चिकटवलेला असतो. फोन लावला की संध्याकाळपर्यंत पांढरा एप्रन घातलेली बाई दारात उभी राहते, आणि आपण तिला सिस्टर म्हणू लागतो.

असेच एक आजोबा होते. पॅरालिसिसचा झटका येऊन उजवी बाजू गेली होती, गिळता येत नव्हतं, म्हणून नाकातून पोटात नळी घातलेली. घरच्यांनी घरोघरी बायका पुरवणाऱ्या एका ब्युरोकडून चोवीस तासांची 'सिस्टर' घेतली होती. मी त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा जखमेच्या ड्रेसिंगपुरती जात असे. एका रात्री आजोबांनी हाताने नळी ओढून काढली. असं होतंच, त्यात कुणाचा दोष नाही. त्या बाईने ब्युरोला फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "हॉस्पिटलमध्ये बघितलंयस ना घालताना? मग घाल." तिने घातली. नळी पोटात गेली की श्वासनलिकेत, हे तपासायचं असतं, सिरिंजने पोटातला रस ओढून बघायचा असतो, शंका राहिली तर एक्स-रेशिवाय अन्नाचा थेंब सोडायचा नसतो, हे तिला कुणी कधी शिकवलेलं नव्हतं. झटका आलेल्या माणसाला नळी चुकली तरी पुष्कळदा ठसकाही लागत नाही. तिला वाटलं, बसली. पहाटे पाचला तिने त्या नळीतून दूध दिलं.

आजोबा सहाव्या दिवशी गेले.

मला ती बाई नंतर भेटली. तिचा राग मला तेव्हाही आला नाही आणि आजही येत नाही. एका रुग्णालयात ती आठ वर्षं आया होती. फरशी पुसत, भांडी उचलत, बेडपॅन देत ती सिस्टरांचे हात बघत आली होती. ब्युरोत तिला एप्रन मिळाला आणि पगार थोडा वाढला. 'सिस्टर' हा शब्द तिने स्वतःसाठी कधीच वापरला नव्हता, तो ब्युरोने वापरला. घरच्यांनीही तिला परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारला नाही, कारण असा क्रमांक असतो आणि तो विचारायचा असतो हे त्यांना माहीतच नव्हतं. मीही त्या घरात जात होते. पहिल्याच दिवशी मी तिला "ताई, तुमचं ट्रेनिंग कुठलं?" एवढं विचारलं असतं तर? मी विचारलं नाही. दुसऱ्याच्या ड्युटीत नाक खुपसू नये, असं मला वाटलं.

आजोबांच्या मुलाने तक्रार करायचं ठरवलं तेव्हा मी त्याच्याबरोबर हिंडले. एका कार्यालयात सांगितलं, ब्युरो हे रुग्णालय नाही, आमच्या अखत्यारीत येत नाही. दुसरीकडे म्हणाले, ती बाई नर्स असती तर तिच्यावर कारवाई करता आली असती, नर्स नाही तर आम्ही काय करणार. हे दुसरं उत्तर माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. शिकलेल्या सिस्टरचं चुकलं तर तिची नोंदणी पणाला लागते. न शिकलेल्या बाईला सिस्टर म्हणून पाठवणाऱ्याचं मात्र जाण्यासारखं काही नाहीच, कारण त्याच्याकडे मुळात काही नोंदलेलंच नाही. ग्राहक न्यायालयाचा रस्ता उरला होता. मुलगा म्हणाला, ताई, आता ताकद नाही.

तेव्हापासून मी कायदा वाचायला लागले. वकिलाला विचारलं, मुलीला मोबाइलवर शोधायला लावलं. जे समजलं ते आपल्यापुढे ठेवते.

आपल्या राज्यात शुश्रूषागृहांची नोंदणी १९४९ च्या कायद्याखाली होते. त्या कायद्यात शुश्रूषागृह म्हणजे जागा : आजारी, जखमी, दुबळ्या माणसांना ठेवून घेऊन जिथे उपचार आणि शुश्रूषा केली जाते ती वास्तू. १९४९ साली ते बरोबरच होतं. मशीनने श्वास घेणारा माणूस स्वतःच्या घरी झोपेल, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नात आलं असतं? पण आज काय होतं बघा. पाच खाटांचं नर्सिंग होम काढायचं तर नोंदणी लागते, दर तीन वर्षांनी ती नव्याने करावी लागते. २०२१ च्या सुधारित नियमांनी तिथे रुग्ण हक्कांची सनद भिंतीवर लावायला लावली, दरपत्रक लावायला लावलं, तक्रारीची सोय करायला लावली. त्या खाटेवरून उठवून तोच रुग्ण, त्याच नळ्यांसकट, घरच्या पलंगावर आणला की यातलं सगळं गळून पडतं. सनद नाही, दरपत्रक नाही, तक्रारीचा नंबर नाही.

दवाखाने-रुग्णालयांच्या नोंदणीचा केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. शेजारच्या गोव्याने २०१९ मध्ये स्वतःचा कायदा केला. आपल्याकडे त्यावर वर्षानुवर्षं चर्चा चालू आहे, आणि त्या वादात पडण्याइतका माझा अभ्यास नाही. मला एकच दिसतं. या सगळ्या कायद्यांची नजर इमारतीवर आहे. आमच्याकडे इमारत नाही. आमच्याकडे पिशवी आहे.

एकदा मात्र दार किलकिलं झालं होतं. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं. वृद्धाश्रमांबरोबरच घरी सेवा देणाऱ्या संस्थांनीही नोंदणी करावी, अशी तरतूद त्यात होती. स्थायी समितीकडे ते गेलं, पण मंजूर न होताच सतराव्या लोकसभेबरोबर संपलं. ते पुन्हा कधी येईल याची वाट राज्याने बघत बसू नये, ही माझी पहिली विनंती. आरोग्य आणि रुग्णालयं हा राज्याचा विषय आहे. आपला १९४९ चा कायदा आपल्या हातात आहे.

आता एक तुलना करते, ती कृपया मनावर घ्यावी. आमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन बसतो. त्याला पाठवणाऱ्या एजन्सीला २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली परवाना घ्यावा लागतो. माणसाची पोलीस पडताळणी करावी लागते. त्याला प्रशिक्षण द्यावं लागतं. केंद्राच्या २००६ च्या नमुना नियमांत त्यासाठी शंभर तास वर्गात आणि साठ तास प्रत्यक्ष, असा हिशेब दिलेला होता. हे योग्यच आहे, कारण त्याच्या भरवशावर आपण झोपतो. पण त्याच गेटमधून आत जाऊन चौथ्या मजल्यावरच्या माणसाच्या श्वासनलिकेत नळी घालणाऱ्या बाईला पाठवणारा ब्युरो कशावर चालतो? गुमास्त्यावर, म्हणजे दुकानाच्या नोंदणीवर. ठराविक संख्येपेक्षा कमी माणसं असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे नुसती ऑनलाइन सूचना पुरते. किराणा मालाच्या दुकानाला जी पावती मिळते तीच आम्हालाही मिळते. माझ्याकडे ती आहे. ती फ्रेम करून भिंतीवर लावावी असं मला कधी वाटलं नाही.

मी परवाना मागायला गेले तेव्हा एका खिडकीवर मला अगदी मनापासून सल्ला मिळाला : "मॅडम, एक फ्लॅट भाड्याने घ्या, दोन खाटा टाका, नर्सिंग होमची नोंदणी करा, मग तुम्हाला पाहिजे तर घरी जा." ते गृहस्थ भले होते, त्यांना मदतच करायची होती. पण ज्या दोन खाटांवर कुणी कधी झोपणार नाही, त्यांच्या भाड्याचे पैसे मी माझ्या रुग्णांकडून वसूल करायचे, म्हणजे मग मी अधिकृत. असा परवाना मला नको. मला हवा आहे तो माझ्या कामाला बघून दिलेला.

तो कसा असावा, याचा विचार माझ्या डोक्यात एका व्हिडिओ कॉलमुळे सुरू झाला. डोंबिवलीतल्या एका काकूंची मुलगी अमेरिकेत, न्यू जर्सीत असते. पहिल्याच कॉलवर तिने मला विचारलं, "ताई, तुमच्या एजन्सीचा लायसन्स नंबर काय?" मी म्हटलं, माझा नर्सिंगचा नंबर आहे, एजन्सीचा नाही, कारण इथे तसा देतच नाहीत. तिला ते पटेना. तिच्या सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन तिकडे झालं होतं, आणि घरी येणाऱ्या नर्सच्या संस्थेचे सगळे कागद तिने पाहिले होते. नंतर तिनेच मला तिथल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याचे नियम मराठीत समजावून सांगितले. रुग्ण घरी आल्यावर किंवा त्याचं नाव कळवल्यावर अठ्ठेचाळीस तासांच्या आत पहिली भेट झाली पाहिजे. शुश्रूषेची लेखी योजना हवी, तिच्यावर डॉक्टरांची किंवा तसा अधिकार असलेल्याची सही हवी, आणि निदान दर साठ दिवसांनी ती पुन्हा तपासली गेली पाहिजे. मदतनीस बाईला निदान पंच्याहत्तर तासांचं प्रशिक्षण, त्यातले सोळा तास प्रत्यक्ष देखरेखीखाली. आणि कुशल शुश्रूषा चालू असलेल्या रुग्णाकडे मदतनीस जात असेल तर दर चौदा दिवसांनी नर्सने तिचं काम बघायचं.

तिकडचं उचलून जसंच्या तसं इकडे बसवा, असं मी म्हणत नाही. तिकडे पैसे देणारी सरकारी योजना आहे, इकडे पोरं पीएफ काढून सिस्टरचा पगार देतात. पण त्या नियमांचा गाभा मला फार आवडला. त्यांनी दोन कामांमध्ये रेघ ओढली आहे. आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, आधार देऊन चालवणं हे एक काम. नळ्या, सुया, जखमा, शिरेतली औषधं, आणि रुग्णाचं काय बिनसतंय हे वेळेत ओळखणं हे दुसरं. पहिलं काम हलकं आहे असं मी कधी म्हणणार नाही. वेळेवर कूस बदलणाऱ्या मावशीने जेवढ्या जखमा टाळल्या आहेत तेवढ्या मी बऱ्याही केलेल्या नाहीत. पण दुसरं काम नोंदणीकृत हातांनीच व्हायला हवं. ही रेघ आपल्या कायद्यात कुठेच नाही, म्हणून ब्युरोच्या रेटकार्डावर ती फक्त पैशांची रेघ झाली आहे : 'मावशी' इतके, 'सिस्टर' तितके. बाई कित्येकदा तीच असते.

तेव्हा परवान्याच्या नियमात पहिलं कलम या रेघेचं असावं. कुठली कामं नोंदणीकृत परिचारिकेनेच करायची त्याची यादी परिचर्या परिषदेने करावी. हे काम परिषदेइतकं चांगलं दुसरं कुणी करू शकणार नाही. एएनएम, म्हणजे सहायक परिचारिकेचा अभ्यासक्रम, झालेल्या मुलीने काय करावं, जीएनएम आणि बीएस्सी झालेलीने काय, मावशीने काय, हे स्पष्ट लिहावं. ती यादी मराठीत, मोठ्या अक्षरांत, रुग्णाच्या घरी पहिल्या दिवशी द्यावी. म्हणजे रात्री दोनला नळी निघाली की ती बाई फोनवर म्हणू शकेल, "हे माझ्या यादीत नाही, सिस्टर पाठवा." आजोबांच्या घरी त्या रात्री हा कागद असता तर तिला नाही म्हणायची ताकद आली असती. आणि मग असा फोन आला की उचलायला, आणि जायला, माणूस असलाच पाहिजे, ही जबाबदारी परवानाधारकाची. रात्रीचा फोन न उचलणाऱ्याला परवाना देऊ नका.

दुसरं, पहिल्या भेटीला नोंदणीकृत सिस्टरच जाईल. घर बघेल, रुग्ण बघेल, डॉक्टरांचा लेखी आदेश घेईल. २०२० पासून दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं आलेली आहेत. आदेश व्हिडिओवर झालेल्या तपासणीनंतरही मिळू शकतो. डॉक्टर घरी येत नाहीत ही सबब आता उरलेली नाही. पण "सिस्टर, तेच द्या मागच्यासारखं" असा तोंडी निरोप बंद व्हायला हवा. त्यात आमचाही बचाव आहे. प्रत्येक घरी एक वही असावी. कुणी काय दिलं, किती वाजता, कुणाच्या सांगण्यावरून. आम्ही अशी वही ठेवतो, साधी दोनशे पानी. एकदा रुग्णाला रात्रीतून रुग्णालयात न्यावं लागलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ती वही वाचून लगेच उपचार सुरू केले. घरच्यांकडून त्यांना एवढं सुसंगत काही कळलं नसतं.

सुयांचंही सांगायला हवं. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम रुग्णालयांना लागू आहेत. घरात वापरलेली सुई मात्र बहुतेक ठिकाणी ओल्या-सुक्याच्या डब्यात जाते आणि सकाळी ती घंटागाडीवरच्या माणसाच्या हाताला टोचते. आम्ही सुया जाड, न फुटणाऱ्या डब्यात परत आणतो आणि ओळखीच्या एका नर्सिंग होमला विनंती करून त्यांच्या कचऱ्यात देतो. विनंती करून, कारण आमच्या नावावर वैद्यकीय कचऱ्याच्या गाडीला आमचा डबा घेता येत नाही. परवाना मिळाला तर हे उसनवारीचं काम संपेल.

आता माझी भीती सांगते. नियम करायला बसलेल्या खोलीत मोठ्या कंपन्या असतील. असाव्यातही, त्यांच्यातल्या काही चांगलं काम करतात. पण नियम त्यांच्या मापाने बेतले गेले तर एवढ्या चौरस फुटांचं कार्यालय लागेल, इतक्या लाखांची अनामत लागेल, संस्थेचा प्रमुख डॉक्टरच हवा असं लिहिलं जाईल. मग पनवेलला, साताऱ्याला, अकोल्याला तीन-चार सिस्टरांनी मिळून काढलेली सेवा एका रात्रीत बेकायदा ठरेल, आणि एप्रन वाटणारा ब्युरो नाव बदलून पुढच्या गल्लीत उघडेल. शुश्रूषेचा परवाना परिचारिकेला स्वतःच्या नावावर घेता आला पाहिजे. परिषदेतली नोंदणी चालू असलेली आणि काही वर्षं खाटेपाशी काम केलेली कुणीही तो मागू शकेल, असं असावं. रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनाने विधवा मुलींना ससूनमध्ये परिचारिकेचं शिक्षण घ्यायला पाठवलं तेव्हा घरोघरी केवढा विरोध होता. त्या मुलींच्या पाठीवर आम्ही उभ्या आहोत. इतक्या पिढ्यांनंतरही आम्ही कुणाच्या तरी हाताखालीच असायला हवं, हे मला मान्य नाही.

आणि मावशी. या पत्रात मी त्यांना वगळलं तर माझ्या चौघी मला माफ करणार नाहीत. बारा तासांची ड्युटी, बहुतेक ठिकाणी जेवण स्वतःचं, झोपायला स्वयंपाकघरातली चटई, सुट्टी घेतली की पैसे कापले. ब्युरो पहिल्या महिन्यातला केवढा तरी वाटा कमिशन म्हणून घेतो, आणि पाठवताना सांगतो, "काही झालं तर मला फोन करायचा नाही." बंद दाराआड एकटी बाई आणि एक कुटुंब, कधी कधी फक्त एक म्हातारा पुरुष. २०१३ च्या लैंगिक छळाच्या कायद्यात राहतं घर हेही कामाचं ठिकाण धरलेलं आहे आणि दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, हे माझ्या मावशींना मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. एकीला माहीत असतं तर तिने ठाण्याचं एक घर दोन महिने आधीच सोडलं असतं. आरोग्य क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने घरच्या मदतनिसाचा अभ्यासक्रम तयार केलेला आहे. तो मावशींनी कामावरची रोजी न बुडवता करावा अशी सोय करा. परवाना घेणाऱ्याने आपल्या मावशीला किती दिवसांत शिकवलं, तिला नेमणूकपत्र दिलं की नाही, पगार बँकेत जातो की नाही, हे तपासणीत बघा. रुग्णाची काळजी ज्या हातांनी होते ते हात उपाशी ठेवून चालणार नाही.

विम्याबद्दल थोडक्यात. २०२० मध्ये कोरोना कवच पॉलिसी आली तेव्हा घरी घेतलेल्या उपचारांचे पैसे चौदा दिवसांपर्यंत देण्याची सोय तिच्यात होती. म्हणजे विमा कंपन्यांना ते जमत नाही असं नाही. पण बिल कुणाचं आहे, त्याला कुणी मान्यता दिली आहे, हे त्यांना दाखवावं लागतं. आमच्या बिलावर दाखवायला गुमास्त्याचा नंबर आहे. त्यामुळे माणूस रुग्णालयात ठेवला तर मेडिक्लेम मिळतो, आणि त्याहून कमी खर्चात तो घरी बरा होणार असेल तर एक पैसा मिळत नाही, असं होऊन बसतं.

एक आक्षेप मला आधीच ऐकू येतो आहे : परवाना आणला की दर वाढतील, इन्स्पेक्टर येईल, चहापाणी सुरू होईल, आणि शेवटी भार रुग्णावरच पडेल. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, सतरा वर्षांत तपासणीचे दिवस मीही पाहिले आहेत. म्हणून सुरुवात लहान करा. पहिल्या वर्षी फक्त जाहीर नोंद ठेवा : सेवेचं नाव, जबाबदार परिचारिकेचा नोंदणी क्रमांक, पाठवल्या जाणाऱ्या प्रत्येकीचं नाव आणि शिक्षण, रात्रीचा फोन, दर. ही यादी कुणालाही मोबाइलवर बघता यावी. फी एवढी ठेवा की माझ्यासारखीला कर्ज काढावं लागणार नाही. तपासणीला कारकून पाठवू नका, घरी काम केलेली परिचारिका पाठवा. ती पिशवी उघडून बघेल आणि दोन मिनिटांत ओळखेल. दर किती वाढतील ते मला सांगता येणार नाही. एवढंच सांगते की आजोबांच्या शेवटच्या सहा दिवसांचं आयसीयूचं बिल मी पाहिलं आहे.

२०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसं आपल्या राज्यात एक कोटीहून अधिक होती. त्यानंतर किती वर्षं गेली ते आपण जाणता. कोकणातल्या घरांत आजीआजोबा आणि एक कुत्रा, मुलगा मुंबईत, नातू ऑस्ट्रेलियात. अशा घरांतून मला फोन येतात, "सिस्टर, चिपळूणला कुणी ओळखीचं आहे का?" मी ओळखीचं शोधते. सापडलं तर त्यांचं नशीब.

माझ्या तीन मागण्या आहेत. १९४९ च्या कायद्यात किंवा त्याच्या नियमांत घरी दिल्या जाणाऱ्या कुशल शुश्रूषेची व्याख्या घाला आणि तिची नोंद कुणी करायची ते ठरवा. परिषदेने कामांची यादी करावी, आणि त्या समितीत निदान निम्म्या जणी प्रत्यक्ष घरोघरी जाणाऱ्या असाव्यात. आणि हे होईपर्यंत एक साधं परिपत्रक काढा, त्याला कायदाही लागत नाही : डिस्चार्ज कार्डावर 'होम नर्सिंग केअर' लिहिणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने त्याखाली लिहावं की रुग्णाला कुठली कामं लागतील, आणि त्यातली कुठली फक्त नोंदणीकृत परिचारिकेकडूनच करून घ्यायची. ही ओळ लिहायला एक मिनिट लागतं.

आमची फाइल तयार आहे. तिघींची नोंदणी प्रमाणपत्रं, चौघी मावशींची पोलीस पडताळणी, गेल्या सहा वर्षांच्या वह्या, सुयांच्या डब्यांचा हिशेब, आणि आमच्याकडून झालेल्या चुकांची एक वेगळी वही, तीही आहे. आपल्यापैकी कुणी डोंबिवलीला येणार असाल तर रुग्णाच्या घरच्यांची परवानगी घेऊन मी एक दिवस बरोबर नेईन. सकाळी सातला ठाकुर्लीपासून सुरुवात होते. आणि तूर्त एवढं तरी लेखी कळवा, की हा अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा.

आपली नम्र,
एक नोंदणीकृत परिचारिका
डोंबिवली